मुलांतील न उतरलेले वृषण : वेळीच उपचाराची आवश्यकता

विवाहानंतर काही वर्षे अपत्य झाले नाही की, समाजात पहिला दोष स्त्रीला दिला जातो. उपास, नवस आणि औषधे तिच्याच वाट्याला येतात. पुरुषाची तपासणी सर्वांत शेवटी होते आणि काही वेळा असे आढळते की, त्याची वृषणे बालपणापासून आपल्या जागी उतरलेलीच नाहीत. जन्मानंतर दीड वर्षाच्या आत एका शस्त्रक्रियेने जे साधता आले असते, त्याची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते.

दोष आणि त्याचे परिणाम

गर्भावस्थेत मुलाची वृषणे पोटात तयार होतात आणि जन्मापूर्वी जांघेतून वृषणकोशात उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांपैकी सुमारे दोन ते चार मुलांत जन्माच्या वेळी एक किंवा दोन्ही वृषणे खाली आलेली नसतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण शेकडा ३० पर्यंत असते. पुष्कळांची वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात; सहा महिन्यांनंतर मात्र तशी शक्यता फारच थोडी उरते. 'मोठा झाला की होईल नीट' हा समज म्हणूनच घातक आहे.

वृषणकोशातील उष्णता शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअसने कमी असते. शुक्रजंतूंच्या निर्मितीस हा थंडावा आवश्यक असतो. वर अडकलेल्या वृषणातील बीजपेशी लहानपणीच घटू लागतात. पुरुषी संप्रेरक मात्र बहुधा तयार होत राहते. दाढी-मिशा येतात, आवाज फुटतो आणि दोष झाकलेला राहतो.

दोष एकाच बाजूस असल्यास बहुतेकांना पुढे अपत्यप्राप्तीत अडचण येत नाही. दोन्ही बाजूंस असल्यास उपचारानंतरही ही शक्यता कमी होते, आणि उपचाराविना प्रौढ झालेल्यांच्या वीर्यात बहुधा शुक्रजंतूच आढळत नाहीत. वृषणाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७ हजार पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वयाच्या तेराव्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे दुप्पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक आढळला. म्हणून उशिरा लक्षात आले तरी डॉक्टरांचा सल्ला टाळू नये.

तपासणी व उपचार

बाळाला तेल लावून कोमट पाण्याने अंघोळ घालताना दोन्ही बाजूंच्या गोळ्या हाताला लागतात की नाही, हे आईला किंवा आजीला सहज कळू शकते. थंडीने वृषण तात्पुरते वर सरकते. अशा मुलांची दरवर्षी तपासणी पुरेशी असते. दोन्ही वृषणे मुळीच लागत नसतील, तर मात्र नवजात अवस्थेतच डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करणे योग्य मानले जाते. तीत वृषण खाली आणून वृषणकोशात स्थिर केले जाते.

देवळीतील सोय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखाली वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. वर्धा-यवतमाळ मार्गावरील देवळीहून वर्ध्याकडे जाताना सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय लागते. वर्ध्यापलीकडे सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय आहे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न आहेत.

उणीव आहे ती मोकळेपणाची. लाजेमुळे पालक बोलत नाहीत आणि अमूल्य महिने वाया जातात. ग्रामपंचायत सदस्यांनी आशा व अंगणवाडी सेविकांमार्फत हा विषय मातांच्या बैठकीत आणावा. शिक्षकांनी स्वतः तपासणी न करता पथकाच्या भेटीची सूचना पालकांना द्यावी, मुलांच्या तपासणीसाठी आडोसा ठेवावा आणि कोणाचेही नाव चर्चेचा विषय होऊ देऊ नये. पाळण्यातील मुलाकडे वेळीच दिलेले लक्ष उद्याच्या एका संसाराला मोठ्या दुःखापासून वाचवू शकते.