पाकीट बंद, शिक्का उघडा

टपाल खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगमध्ये गेली. एकाचं पत्र दुसऱ्याच्या हाती पडू नये, ही काळजी त्यामुळे हाडीमाशी खिळलेली. निवृत्तीनंतर सूनबाईने फोनवर फेसबुक सुरू करून दिलं, तेव्हा नाव, नंबर आणि जन्मतारीख याखेरीज मी काहीच भरलं नाही. फोटो नाही, गाव नाही, नोकरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत असताना पडद्यावर एक चेहरा आला आणि त्याखाली लिहिलेलं, 'तुम्ही यांना ओळखत असाल.' ओळखत होतोच! रात्रपाळीत माझ्या शेजारच्या टेबलावर टपाल लावणारा माझा सहकारी. बारा वर्षांत भेट नाही. आदल्याच संध्याकाळी घरात त्याचा विषय निघाला होता. मी फोन पालथा ठेवला. हे यंत्र आपलं बोलणं ऐकतं, अशी खात्रीच झाली.

"बाबा, तुमचा नंबर असेल ना त्यांच्याकडे?" सूनबाईने एवढंच विचारलं. होता. त्याने कधीतरी आपल्या फोनमधली नंबरांची यादी फेसबुकला वाचू दिली होती, आणि मी त्याच नंबरावर खातं उघडलं. जुळणी झाली ती तिथे. ऐकण्याचा आरोप कंपनीने नाकारलेला आहे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर कंपनीप्रमुख मार्क झुकरबर्गला हा प्रश्न थेट विचारला गेला आणि त्याने थेट 'नाही' म्हटलं. त्याच्या शब्दावर विसंबायची गरज नाही, कारण न ऐकताही काम भागतं. आपण एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर मिक्सर पाहतो, त्या पानात बसवलेला कोडचा छोटा तुकडा ही भेट फेसबुकला कळवतो, आणि संध्याकाळी मिक्सरची जाहिरात समोर येते. अशा भेटींची यादी सेटिंगमध्ये पाहता येते आणि खात्यापासून तोडताही येते. मला मायक्रोफोनपेक्षा ती नंबरांची यादी जास्त अस्वस्थ करते. मी तोंड मिटून बसलो तरी माझ्याविषयी दुसराच कोणी सांगून मोकळा होतो, आणि त्याच्या फोनवर माझा काही इलाज चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल आमच्या कट्ट्यावर दोन टोकांची मतं होती. एक म्हणायचे, सगळं सरकार वाचतं. तीन टिका आल्या की समजायचं, नजर पडली. दुसरे म्हणायचे, सगळं कुलूपबंद आहे, काहीही लिहा. तीन टिका हा प्रकारच अस्तित्वात नाही. एक टिक म्हणजे निघालं, दोन म्हणजे पोचलं, निळ्या झाल्या म्हणजे वाचलं. आमच्या भाषेत पोचपावती. मजकुराचं म्हणाल तर एप्रिल २०१६ पासून तो पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधे कंपनीलाही वाचता येत नाही. पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांच्यात जेवढा फरक, तेवढाच हा. पण बंद पाकिटावरही पत्ता असतो, शिक्का असतो. कोण कोणाला, कधी, किती वेळा लिहितं, हे सॉर्टिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला पाकीट न फोडता कळतं. आम्हाला कळायचं. तसं ते कंपनीलाही कळतं. शिवाय पत्र घेणाऱ्याने ते चावडीवर वाचून दाखवलं, तर पाकिटाचा काय उपयोग? स्क्रीनशॉट म्हणजे तेच.

'माझे फोटो वापरण्याची परवानगी मी फेसबुकला देत नाही, हा मजकूर कॉपी करून आपल्या भिंतीवर लावा' हे तर निदान २०१२ पासून फिरतं आहे. त्याने काहीही होत नाही. खातं उघडताना ज्या अटींना आपण 'मान्य' म्हटलं, त्याच लागू राहतात. अटी पटत नसतील तर खातं बंद करावं. मात्र तात्पुरतं बंद करणं वेगळं आणि कायमचं काढून टाकणं वेगळं. कायमचं काढायला सांगितलं की ३० दिवस विचार बदलायला मिळतात, आणि त्यानंतर सगळं पुसलं जायला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. 'तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं ते कळेल' असं सांगणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊच नये. फेसबुक ही माहिती कोणालाच देत नाही, ते अ‍ॅप तुमचा पासवर्ड मागायला आलेलं असतं.

लाइक केलं तरी पोलीस धरतात, ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने त्या बंदविषयी पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती फक्त लाइक केली होती. पुढे त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, घटनाबाह्य ठरवलं. इतर कायदे आहेतच, आणि धमकी किंवा बदनामी फोनवर लिहिली म्हणून सौम्य होत नाही. पण 'न आवडणारं लिहिलं' एवढ्यावर बोट ठेवणारं ते कलम आता नाही.

आणि ज्याची भीती वाटायला हवी, ते आम्ही सगळेच निर्धास्तपणे करत होतो. फॉरवर्ड.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात देवाच्या नावाची पोस्टकार्डं यायची: हे पत्र इतक्या जणांना लिहून पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल. ती हाताने लिहावी लागत, पदरचे पैसे घालून कार्डं आणावी लागत, म्हणून त्यांना आपोआप आवर बसायचा. आता तो आवर राहिला नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनाफोनांतून पसरली होती. पाचही जण भिक्षा मागून पोट भरणारे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याच्यावर दोन बाणांची खूण दिसते. ती खूण मेसेज खरा असल्याची नव्हे, खोटा असल्याचीही नव्हे. लिहिणारा फार मागे राहिला, एवढंच ती सांगते.

ज्या पत्राच्या घेणाऱ्याचा पत्ता लागत नाही आणि पाठवणाऱ्याचाही नाही, ते आम्ही रिटर्न लेटर ऑफिसला धाडायचो. फॉरवर्डसाठी तशी सोय नाही. गेल्या श्रावणात गावाकडच्या ग्रुपवर पुतण्याने एक मेसेज टाकला: पांढरी गाडी, दोन बायका, शाळेजवळ सावध राहा. वर दोन बाण. मी त्याला फोन केला.

"कोणी पाहिली गाडी?"

"माहीत नाही काका. ग्रुपवर आलं."

"कुठल्या शाळेजवळ?"

तो गप्प झाला. मेसेजमध्ये शाळेचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, तारीखही नव्हती. त्याने तो सगळ्यांसाठी डिलीट केला. मग मला म्हणाला, "पण तोवर मी मामाकडच्या ग्रुपवर पण टाकला होता." मी म्हटलं, तिथूनही काढ, आणि ज्याने तुला पाठवला त्याला हेच दोन प्रश्न विचार. रात्री त्याचा फोन आला. मामाकडच्या ग्रुपमधून मेसेज आणखी चार ठिकाणी गेला होता. तो एकेकाला फोन करत बसला होता.