टोपीच्या सावलीतला चेहरा

नोव्हेंबर २०२५ मध्ये आठवडाभराच्या अंतराने केंद्र सरकारच्या दोन घोषणा झाल्या आणि वृत्तपत्रांनी त्या साहजिकच वेगवेगळ्या पानांवर छापल्या. पहिलीने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम आणले, तर दुसरीने चार कामगार संहिता लागू केल्या. माणसाविषयीच्या माहितीवर, म्हणजे त्याच्या चेहऱ्याच्या छायाचित्रावरही, हक्क कोणाचा हा पहिलीचा विषय होता आणि त्याचे श्रम कोणत्या अटींवर विकत घ्यावेत हा दुसरीचा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांपासून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जवळपास प्रत्येक फाटकावर हे दोन्ही प्रश्न एकाच माणसापाशी येऊन थांबतात. तो माणूस म्हणजे गणवेशातला सुरक्षारक्षक. कॅमेरा घेऊन शहरे पायी पालथी घालणाऱ्या हौशी मंडळींना तो जितक्या वेळा भेटतो तितका दुसरा कोणी क्वचितच भेटत असेल, आणि तरीही त्यांच्या संग्रहात तो अभावानेच आढळतो.

याचे एक कारण उघड आहे. या दोघांची ओळख बहुधा ‘फोटो काढायचा नाही’ या वाक्याने होते. मात्र या वाक्यामागचा अधिकार सगळीकडे सारखा नसतो. कोलशेतचा हवाई दलाचा तळ किंवा अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना अशा ठिकाणांच्या मागे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम उभा असतो आणि तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. मॉलमधली मनाई ही जागेच्या मालकाने घातलेली अट असते. ती मोडणाऱ्याला मालक बाहेर काढू शकतो, पण तेवढ्याने तो गुन्हेगार ठरत नाही. गृहसंकुलाच्या बाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून इमारतीचे छायाचित्र घेणाऱ्याला हटकले जाते तेव्हा तर त्या मनाईमागे बहुतेक वेळा सुपरवायझरच्या भीतीपलीकडे काही नसते. म्हणजे छायाचित्रकाराला अडवणारा रक्षक हा स्वतःचा अधिकार गाजवत नसून दुसऱ्याची अट दुसऱ्याच्या वतीने सांगत असतो, आणि हे ध्यानात आले की कॅमेरा इमारतीवरून त्याच्याकडे वळवण्यात काय गुंतलेले आहे तेही उलगडू लागते.

मराठीला या माणसासाठी शब्दांची कधीच वाण नव्हती. किल्ल्याच्या देवडीवर पहारेकरी असे, गावात जागल्या असे आणि वेशीवर वेसकर असे. यातले वेसकराचे काम जातीने महारांवर लादलेले होते, त्यामुळे त्या जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचे कारण नाही. कोकणात राखणदार हा शब्द गावाच्या सीमेवरील दैवतालाही वापरतात आणि त्याचा वार्षिक मान चुकवण्याची कोणाची छाती होत नाही. ज्या कोकणातून ठाणे-डोंबिवलीत एवढी कुटुंबे येऊन वसली, त्यांच्या सोसायट्यांत मात्र राखणदाराचा ‘वॉचमन’ झाला आणि आता त्या ‘वॉचमन’चीही ‘सिक्युरिटी’ झाली आहे. ‘ओ सिक्युरिटी!’ या हाकेत एका जित्याजागत्या माणसाला भाववाचक नामाने पुकारले जाते, ही भाषेतली साधी बाब त्याच्या स्थितीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

पहारा आणि ओळख यांचे नाते किती जवळचे असते याचा सर्वांत बोलका दाखला खुद्द ठाण्याच्या इतिहासात आहे. आज मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात असलेल्या ठाण्याच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होता आणि त्याच्यावर मुद्दाम गोऱ्या शिपायांचा पहारा ठेवलेला होता, कारण एतद्देशीय शिपायांवर कंपनीचा भरवसा नव्हता. सांगितले जाते ते असे की, एक मराठी मोतद्दार खिडकीखाली घोड्याची निगा राखताना गाणी म्हणत असे, त्या गाण्यांतून पलायनाचा बेत कैद्यापर्यंत पोहोचत असे आणि भाषा न कळणारे पहारेकरी ते निर्धास्तपणे ऐकत असत. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. पहारा डोळ्यांनी होत नाही, तो ओळखीने होतो, हा या प्रसंगाचा अर्थ आहे. आजच्या फाटकावर ही गोष्ट उलटी झाली आहे: उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, आसाम किंवा मराठवाड्यातून आलेला रक्षक संकुलातील शेकडो चेहरे, त्यांच्या गाड्या आणि येण्याजाण्याच्या वेळा ओळखतो, पण त्या शेकडोंपैकी त्याचे नाव ठाऊक असलेले हाताच्या बोटांवर मोजता येतात.

या भागात रक्षकाचे छायाचित्र हा शहराच्या स्थित्यंतराचाही दस्तऐवज ठरतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी संगणक कंपन्यांची कार्यालये आली. कल्याणजवळ आंबिवली-मोहोने येथील नॅशनल रेयॉन कंपनी २००९ मध्ये बंद पडली. कारखाना बंद पडला की कामगार जातो आणि रक्षक उरतो. पुढे तोच भूखंड विकला जातो, पत्र्याचे कुंपण उभे राहते, विक्री कार्यालय येते आणि अखेरीस संकुलाची कमान उभी राहते, पण या प्रत्येक टप्प्यावर खुर्ची टाकून कोणीतरी बसलेला असतोच. कारखान्याचे शहर गृहसंकुलांचे शहर होत असताना ज्याचे काम एकदाही थांबले नाही असा हा एकमेव नोकर होय.

महाराष्ट्राच्या कायद्याने त्याला दोन जातकुळींत विभागले आहे. माथाडी कामगारांसाठीच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर राज्याने १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी नोकरीचे नियमन व कल्याण करणारा अधिनियम केला आणि त्यातून बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षारक्षक मंडळ उभे राहिले. येथे मंडळ म्हणजे रक्षक आणि आस्थापना या दोहोंची नोंदणी करून रक्षक पुरवणारी व त्यांचे वेतन आपल्यामार्फत देणारी वैधानिक संस्था. दुसऱ्या बाजूला खासगी एजन्सी आहेत, आणि त्यांच्यावर २००५ च्या केंद्रीय कायद्याचे नियंत्रण आहे. या कायद्याखालील २००६ च्या नमुना नियमांनी १०० तासांचे वर्गातील व ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे, आणि गणवेशाचे वर्णन तर एखाद्या चित्रकाराला शोभेल इतक्या बारकाईने केले आहे: दंडावर एजन्सीची ओळख सांगणारे चिन्ह, खांद्यावर किंवा छातीवर हुद्द्याचा बिल्ला, डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिट्टी, नाडीचे बूट आणि डोक्यावर टोपी. हा गणवेश पोलिसांच्या किंवा सैन्याच्या गणवेशासारखा दिसला तर एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे रक्षकाने अधिकारी असल्याचा भास तर निर्माण करायचा, पण खऱ्या अधिकाऱ्यासारखे दिसायचे नाही.

या विरोधाभासाची सर्वांत मर्मग्राही मीमांसा ऑक्सफर्ड विद्यापीठातील इतिहासकार नंदिनी गुप्तू यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निबंधात केली आहे, आणि छायाचित्रकारांनी भिंगांच्या किमती वाचण्याआधी तो वाचावा अशा योग्यतेचा आहे. जागतिकीकरणानंतरच्या भारतातील खासगी रक्षकांना त्यांनी ‘शहराचे दास्यातले पहारेकरी’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांचे प्रतिपादन असे की, रक्षकाच्या नोकरीत सुरक्षा नावापुरती उरते आणि सेवा हेच खरे काम होते: दार उघडणे, सलाम ठोकणे, पिशव्या उचलणे, नम्र दिसणे. प्रशिक्षणातही नीटनेटकेपणा, देहबोली आणि अदब यांवर भर असतो. या स्थितीला त्यांनी जोडलेली दुसरी संज्ञा ‘संघटित अनौपचारिकता’ ही आहे. नोंदणीकृत, रीतसर कंपनीच्या छत्राखाली असूनही कामगाराची नोकरी मात्र असंघटित क्षेत्राइतकीच बेभरवशाची राहते, असा तिचा अर्थ. रिलीव्हर आला नाही म्हणून सलग दुसरी पाळी करणाऱ्या, ‘पॉइंट’ बदलला की एका रात्रीत दुसऱ्या साइटवर जाणाऱ्या माणसाला ही संज्ञा समजावून सांगावी लागणार नाही. छायाचित्रासाठी यातून निघणारा निष्कर्ष अवघड आहे: ज्याला दिवसभर अदब दाखवण्याचा पगार मिळतो, तो कॅमेऱ्यापुढेही आधी अदबच दाखवतो, आणि मग टिपले जाते ते माणसाचे रूप की नोकरीचे, हे सांगता येत नाही.

जगभरच्या कलावंतांनी हा पेच वेगवेगळ्या रीतींनी हाताळला आहे. अमेरिकी कलावंत फ्रेड विल्सन यांनी १९९१ च्या एका मांडणीत संग्रहालयांच्या रक्षकांच्या गणवेशातले चार पुतळे उभे केले, आणि त्या चौघांनाही डोके नव्हते. गणवेश दिसतो आणि माणूस दिसत नाही, हे याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे. अँडी फ्रीबर्ग यांनी रशियातील संग्रहालयांत चित्रांशेजारी खुर्चीवर बसणाऱ्या स्त्री-रक्षकांची छायाचित्रे घेतली. त्यांत कित्येकींची बसण्याची ढब किंवा पोशाखाचा रंग मागच्या चित्राशी जुळतो; पाहणाऱ्याला त्याची गंमत वाटते, तरी त्या बाईला काय वाटले असेल हा प्रश्न शिल्लक राहतो. महाराष्ट्रापुरते पाहिले तर छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले काम अधिक मोलाचे आहे, कारण त्यात कामगार कामाच्या जागी तसाच घरात आणि कुटुंबातही दिसतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला विल्यम जॉन्सन यांचा १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत निघालेला मुंबईच्या रहिवाशांचा छायाचित्रसंग्रह आहे, ज्यात माणसांच्या प्रतिमा मूळ छायाचित्रातून अलग करून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवल्या होत्या आणि व्यक्तीऐवजी जमात हीच तिची ओळख ठरवली होती. ‘भारतातले वॉचमन’ अशी मालिका करणाऱ्या आजच्या हौशी छायाचित्रकाराने आपण ओलवे यांच्या वाटेवर आहोत की जॉन्सन यांच्या, हे स्वतःला विचारलेले बरे. रात्रीची पाळी, मोडकी खुर्ची आणि करुण कृष्णधवल छटा एवढ्या भांडवलावर मिळवलेली वाहवा ही बहुधा दुसऱ्या वाटेवरची असते.

त्या खुर्चीचेही एक राजकारण आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळात बसण्याचा हक्क कायद्याने दिला, म्हणजे बसणे हीसुद्धा मागून घेण्याची गोष्ट आहे. फाटकावरचा रक्षक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि पहाटे त्याचा डोळा लागला, तर त्याचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर झळकते. पहाऱ्यात कसूर झाली तर जाब विचारण्याचा रहिवाशांना हक्क आहेच. परंतु ज्या माणसाचे रहिवाशांनी स्वतःहून काढलेले एकमेव छायाचित्र हे त्याच्या झोपेचे असते, त्याला अनोळखी माणसाच्या कॅमेऱ्याची धास्ती वाटली तर नवल नाही.

तंत्राची अडचण याहून लहान, पण तितकीच बोधप्रद आहे. टोपीचा पुढे आलेला भाग आणि डोक्यावरचा दिवा यांमुळे डोळ्यांवर नेमकी गडद सावली पडते, आणि केबिनच्या काचेत बाहेरच्या रस्त्याचे प्रतिबिंब उमटते. टोपी काढायला सांगणे हा सोपा उपाय वाटतो, पण राउंडवर आलेल्या सुपरवायझरला बिनटोपीचा रक्षक दिसला तर जाब रक्षकालाच द्यावा लागतो. म्हणून त्याला केबिनच्या दारापाशी, बाजूने उजेड येईल असे उभे राहण्याची विनंती करावी आणि पाळी बदलण्याच्या सुमारास जावे, म्हणजे घरी निघालेला माणूस स्वतःच टोपी उतरवतो.

उरतो तो संमतीचा प्रश्न, आणि येथे पुन्हा त्या नोव्हेंबरकडे यावे लागते. खासगी किंवा घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने बाळगलेल्या विदेला, म्हणजे माहितीला, २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातून सूट आहे. प्रदर्शन, पुस्तक किंवा व्यवसाय यांना घरगुती म्हणता येईल का, हा वादाचा मुद्दा आहे. कायद्यातील मुख्य बंधने नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे. गंमत अशी की, आज फाटकावर सर्वाधिक छायाचित्रे काढतो तो रक्षकच. डिलिव्हरीवाला, मोलकरीण, पाहुणा यांचा चेहरा तो मोबाइलमधल्या अॅपवर टिपतो आणि ती प्रतिमा कुठे साठते हे त्यालाही ठाऊक नसते. ‘काढा की साहेब’ हे त्याचे उत्तरही पुरेसे मानता येत नाही, कारण साहेबाला नकार देण्याची सवय त्याच्या नोकरीने मोडलेली असते. विचारावे ते त्याला, कमिटीला किंवा एजन्सीला नव्हे. काढलेले छायाचित्र आधी त्याला दाखवावे, त्याने पुसायला सांगितले तर पुसावे, त्याची इच्छा असेल तरच नाव घालावे आणि दंडावरचे एजन्सीचे चिन्ह चौकटीबाहेर ठेवावे, म्हणजे कौतुकाची किंमत त्याला नोकरीने चुकवावी लागणार नाही.

आणि एक प्रत कागदावर छापून त्याच्या हाती द्यावी. यामागे शिष्टाचाराहून मोठे कारण आहे. प्रत्येक रक्षकाला छायाचित्र असलेले ओळखपत्र देणे २००५ च्या कायद्याने एजन्सीवर बंधनकारक केले आहे, म्हणजे शहराने अधिकृतपणे जपलेला त्याचा चेहरा तेवढाच; परंतु त्याच कायद्याच्या नमुना नियमांनुसार नोकरी सुटली की ते ओळखपत्र एजन्सीला परत करावे लागते. घोडबंदर रस्त्यावर किंवा आंबिवलीच्या बंद फाटकावर घालवलेल्या वर्षांचे, परत करावे न लागणारे एखादे छायाचित्र गावाकडच्या भिंतीवर लागले, तर या छंदाने काही मिळवले असे म्हणता येईल.