विश्लेषण : जादूची गुपिते सांगणारा बॅरिस्टर कोण होता?

‘प्रोफेसर हॉफमन’ हे ना प्राध्यापक होते, ना हॉफमन. लंडनमध्ये १८३९ साली जन्मलेले अँजेलो जॉन लुईस हे पेशाने बॅरिस्टर. हातचलाखीचा जाणकार म्हणून बोभाटा झाला तर वकिलीला बाधा येईल, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले.

त्यांनी वेगळे काय केले?
पत्ता तळहातात कसा लपवायचा, नाणे कसे गायब करायचे, हे त्यांनी ‘मॉडर्न मॅजिक’ (१८७६) या पुस्तकात पायरीपायरीने लिहिले. पुढे पत्त्यांचे खेळ आणि कोड्यांवरही लिहिले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

गुपिते फुटल्याने जादू संपली का?
नाही. कृती कळली तरी हात बसायला सराव लागतोच. उलट हे पुस्तक वाचून अनेक जण जादू शिकले.

आज याचे महत्त्व काय?
महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते भोंदूंचे ‘चमत्कार’ स्वतः करून दाखवतात आणि त्यामागची युक्तीही सांगतात. चमत्काराच्या नावाने फसवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. जादूगार हातचलाखी कबूल करतो. भोंदू तीच दैवी शक्ती म्हणून विकतो.