संस्कृत शिकावें, पण कशासाठीं?

जून महिना आला कीं आमच्या सोलापुरांत घरोघर एक प्रश्न हटकून निघतो. मूल सातवी उत्तीर्ण होऊन आठवींत जातें, आणि शाळेंतून विचारणा होते: शंभर गुणांचें पूर्ण संस्कृत घ्यावयाचें, हिंदीच्या जोडीनें पन्नास गुणांचें घ्यावयाचें, कीं मुळींच घ्यावयाचें नाहीं? अशा वेळीं ओळखीचे लोक सल्ल्यासाठीं आमच्याकडे येतात, कारण आमचें सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. जें थोडें संस्कृत आलें तें शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून आलें. तरीहि लोक येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: “गुरुजी, संस्कृतांत गुण चांगले पडतात ना?”

पडतात, हें खरें. परंतु हें उत्तर देतांना हल्लीं आमची जीभ अडखळते. त्याचें कारण सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं नव्या पेठेंत एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस वांकून नमस्कार केला. शालान्त परीक्षेंत ह्यास संस्कृतांत शंभरांपैकीं सत्त्याण्णव गुण पडले होते व आम्हीं वर्गांत पेढे वांटले होते. बरोबर त्याची लहान मुलगी होती. तिच्या हातांत कोणाचीशी लग्नपत्रिका होती व तिच्यावर एक साधा अनुष्टुभ् श्लोक छापलेला होता. मुलीनें बापास अर्थ विचारला. त्यानें पत्रिका आमच्यापुढें केली व हंसत म्हणाला, “गुरुजी, तुम्हींच सांगा. आम्हीं परीक्षा झाली त्या दिवशींच सगळें सोडून दिलें.” त्यास हंसूं आलें, आम्हांस आलें नाहीं. त्यास भाषांतरें पाठ करावयास आम्हींच लावलीं होतीं, कोणते श्लोक परीक्षेस येतील तें आम्हींच सांगितलें होतें. न पाहिलेला उतारा त्याच्यापुढें आम्हीं कधीं ठेवलाच नव्हता. तेव्हां दोष त्याचा नव्हे, आमचा.

म्हणून संस्कृताचे श्रम सार्थकीं लागतात कीं नाहीं, ह्याचा विचार आम्हीं पुन्हा मुळापासून केला. प्रथम खोटे लाभ बाजूस काढले पाहिजेत. मोबाइलवर निरोप फिरतात कीं, अमेरिकेची नासा ही संस्था संस्कृतास संगणकाची सर्वोत्तम भाषा मानते. ह्या वार्तेचें मूळ रिक ब्रिग्ज ह्यांच्या १९८५ सालच्या एका लेखांत आहे. वाक्याचा अर्थ निःसंदिग्धपणें उलगडण्याची आपल्या वैयाकरणांची व नैयायिकांची रीत आणि यंत्रास ज्ञान पुरविण्याची आधुनिक रीत ह्यांत साम्य आहे, असें त्यांनीं दाखविलें. विचार मोलाचा आहे. परंतु नासा संस्कृतांत यंत्रें चालविते, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

दुसरा दावा असा कीं, संस्कृतानें बुद्धि तल्लख होते. युरोप-अमेरिकेंत लॅटिनविषयीं हेंच म्हणत असत. १९२४ सालीं एडवर्ड थॉर्नडाइक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें हजारों विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन हा दावा तपासला. लॅटिन घेतल्यानें सामान्य विचारशक्ति विशेष वाढते, असें त्यास आढळलें नाहीं. हुशार मुलें लॅटिन घेत, म्हणून लॅटिननें मुलें हुशार होतात असें दिसे. आमच्या वर्गांतहि तसेंच नव्हतें काय? पुढें १९६० च्या सुमारास ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या विद्यापीठांनीं प्रवेशासाठीं असलेली लॅटिनची सरसकट अट काढली, आणि इंग्लंडांतील शाळांतून लॅटिन झपाट्यानें ओसरलें. जें केवळ अटीसाठीं शिकलें जातें, तें अट गेल्यावर टिकत नाहीं. उद्यां गुणांचें आमिष गेलें तर आपल्या शाळांतील संस्कृताची काय गत होईल, हें वाचकांनींच मनाशीं पाहावें.

मग उरतें काय? आमच्या मतें दोन गोष्टी उरतात, आणि त्या पुरेशा आहेत.

पहिली, आपलीच भाषा व आपल्या शेजाऱ्यांची भाषा. सोलापुरांत पूर्व भागांतील विणकर तेलुगु बोलतात, अक्कलकोटच्या बाजूस कानडी चालते, आणि हिंदी तर सर्वत्र कानीं पडते. हिंदींत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठींत, कानडींत व तेलुगूंत म्हणजे दंड! मूळ धातूचा अर्थ ‘शिकणें’ असा आहे; त्याचा दंड कसा झाला, हें आम्हां मास्तर लोकांस विचारूं नये. हिंदींत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी, कानडींत व तेलुगूंत म्हणजे व्याख्यान; संस्कृतांत अर्थ ‘पुढें मांडणें’ असा, आणि दोन्हीं अर्थ त्यांतून सहज निघतात. ‘कादंबरी’ हें तर बाणभट्टाच्या नायिकेचें नांव. तें मराठीनें व कानडीनें एका साहित्यप्रकारास दिलें. एक ‘कृ’ धातु नीट कळला तर कर्ता, कार्य, कारण, प्रकृति, विकार, उपकार, अधिकार हे शब्द एका कुटुंबांतील माणसांसारखे ओळखूं येतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘शास्त्रांत असें लिहिलें आहे’, असें कोणी म्हणतांच मान डोलवावी लागूं नये, ग्रंथ उघडून स्वतः पाहतां यावें, हें सामर्थ्य ह्या भाषेंत आहे. म्हणूनच ती पुष्कळांपासून राखून ठेविली गेली. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविलें म्हणून त्यांस समाजाचा रोष सोसावा लागला. तीच कन्या रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांच्या सभेंत ‘सरस्वती’ ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांस शाळेंत अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारण्यांत आलें व फारसी घ्यावी लागली. पुढें त्यांनीं स्वतःच्या श्रमानें संस्कृताचा अभ्यास केला. ज्यांस दार बंद होतें त्यांनीं एवढे कष्ट केले, आणि आपल्या घरांत दार सताड उघडें असतां आपण उंबऱ्यावर बसून गुण मोजतों. ह्याची आम्हांस लाज वाटते.

गुण मिळवूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. चिंतामणराव देशमुख ह्यांनीं १९१२ सालीं मॅट्रिकला संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति पटकाविली. पण ते तेथें थांबले नाहींत. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व अर्थमंत्री झाले, तरी त्यांनीं मेघदूताचा मराठी अनुवाद केला व गांधीजींच्या वचनांवर संस्कृत श्लोक रचिले.

आतां श्रमांविषयीं स्पष्ट सांगतों. संबोधन धरून एका नामाचीं चोवीस रूपें होतात. धातूंचे गण दहा व लकारहि दहा. हें पाठांतर टळत नाहीं. परंतु पाठांतर हें साधन आहे. रोज अर्धा तास, आणि त्यांत एक न पाहिलेला श्लोक: प्रथम संधि सोडवावा, मग क्रियापद शोधावें, कर्ता शोधावा, अन्वय लावावा, आणि शेवटीं अर्थ आपल्या मराठींत लिहावा. चुकला तरी चालेल. असा क्रम तीन वर्षें चालला तर मूल हितोपदेशाची गोष्ट आपण होऊन वाचूं लागतें. एवढी तयारी नसेल, तर आईबापांनीं खुशाल दुसरा विषय घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं हेंच सांगितलें. हल्लीं दर रविवारीं सकाळीं तो मुलीस घेऊन आमच्या घरीं येतो. प्रथम तो ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसे. दिवाळीपासून तोहि वही घेऊन बसतो. संधि मुलगी त्याच्याआधीं सोडविते, आणि त्याचें त्यास वाईट वाटत नाहीं.