निळाईखालचं पोलाद

नव्या रिव्हॉल्व्हरवर पहिला ओरखडा दिसला की मालकाला पॉलिश आठवतं. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या एका कारागिराच्या शेजारी बसून त्यांचं काम पाहिलं, तेव्हा पटलं की ओरखड्यापेक्षा तो घालवण्याची घाईच जास्त नुकसान करते.

टेबलावर कानपूरला बनलेलं .३२ रिव्हॉल्व्हर होतं, वेब्लीच्या घडणीवर बेतलेलं, मधून मोडून उघडणारं. कारागीर चाचांनी ते आधी उघडलं, सहाही घरं उजेडाकडे धरून रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच भिंग उचललं.

"चाचा, कोरं घेतलंय. मग चाकावर ही गोल रेघ कशी?" मालकानं विचारलं.

"चाक फिरतं म्हणून, साहेब. कारखान्यात चाचणीच्या गोळ्या झाडतात तेव्हापासूनच ती उमटायला लागते."

फ्रेममधून वर येणारा छोटा खटका चाकाला जागेवर अडवतो. खाचेत बसण्याआधी तो चाकावर घासतो आणि त्याच्या वाटेवरचा रंग उजळत जातो. ही चालत्या यंत्राची खूण. तिला हात लावायचा नाही.

नळीच्या तोंडाशी कडा पांढुरक्या झाल्या होत्या, ती होल्स्टरची घासण. फ्रेमवर मात्र एक तिरका ओरखडा होता. चाचांनी त्यावरून आडवं नख फिरवलं. नख अडलं असतं तर धातूच कापला गेलाय असा अर्थ झाला असता. ते सरळ सरकलं, म्हणजे फक्त वरचा थर गेला होता.

हा थर रंगाचा नसतो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलाद बुडवलं की त्याच्याच पृष्ठभागाचं काळं ऑक्साइड बनतं, मॅग्नेटाइट. हीच निळाई, म्हणजे ब्ल्यूइंग. जाडी जेमतेम काही मायक्रॉन. तांबडा गंजही लोखंडाचंच ऑक्साइड. म्हणूनच गंज काढणारं आम्लयुक्त रसायन लावलं की गंजाबरोबर निळाईही धुऊन निघते. त्याला दोघांतला फरक कळत नाही. स्टेनलेस स्टीलचं तसं नाही. स्मिथ अँड वेसननं १९६५ मध्ये आणलेल्या मॉडेल ६० सारख्या रिव्हॉल्व्हरवर असा थरच नसतो. तिथला बारीक ओरखडा नायलॉनच्या घासणीनं, पोताच्या दिशेनं, मिसळून टाकता येतो. निळ्या पोलादावर तीच घासणी फिरवली तर उघडा पट्टा पडतो.

चाचांनी ओरखड्याची जागा ॲसिटोननं पुसली, तेलाचा अंश राहू दिला नाही. मग कापसाच्या काडीनं न तापवता लावायचं सेलेनियमयुक्त कोल्ड ब्ल्यू द्रावण लावलं. पोलाद क्षणात करडं, मग काळं झालं. पाण्यानं धुऊन, कोरडं करून त्यांनी तेल चोळलं. छटा किंचित वेगळी राहिली आणि हा थर मूळच्याइतका टिकणारही नाही, हे त्यांनी मालकाला आधीच सांगितलं होतं.

संपूर्ण नवं ब्ल्यूइंग करायचं तर आधी पॉलिश आलं. त्यात धारदार कडा गोल होतात, कोरीव अक्षरं बुजतात. शस्त्रावरचा क्रमांक पुसणं किंवा बदलणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे असं काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं आणि गरज असेल तरच.

खरी काळजी पुढेच दिसली. मुठीजवळ तेलाचा कापूस फिरवला तर तो तांबूस झाला. घामाच्या बोटांचे ठसे तसेच राहिले होते आणि रिव्हॉल्व्हर पावसाळाभर चामड्याच्या होल्स्टरमध्येच होतं. चामडं दमटपणा धरून ठेवतं. चाचांनी तेल आणि अगदी बारीक, चार शून्यांच्या (००००) नंबरची पोलादी लोकर घेऊन, जोर न देता, तो गंज उतरवला.

मालकाला त्यांनी इतकंच बजावलं: हाताळून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा पातळ हात द्या, होल्स्टरबाहेर कुलपात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी असू द्या. वापराच्या खुणा राहिल्या तर राहू द्या, गंजाला मात्र एक दिवसाचीही सवड देऊ नका.