कचऱ्याचे वर्गीकरण आणि श्रमाचे मोल

ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा, हे सर्वांस पटते; मात्र त्या सेवेसाठी दरमहा शुल्क देताना अनेक जण हात आखडता घेतात. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्याच पुढाकारातून साकारलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनास नियमित रूप दिले. कुटुंबांचे शुल्क व सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्न थेट कष्टकऱ्यांना मिळते. वेगळा केलेला कचरा पुढे एकत्र झाला, तर शुल्क देण्याची इच्छा ओसरणे स्वाभाविकच. ही रक्कम घरखर्चात किरकोळ भासते. कचरा नेणाऱ्या भगिनीच्या घरी मात्र तिच्याच आधारे महिन्याचा हिशेब जुळतो.