पाटल्यांचा कस

आत्याच्या लग्नासाठी आजीच्या पाटल्या मोडायला काढल्या, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आजोबांबरोबर मीही सराफाच्या पेढीवर गेलो. गादीवरच्या गृहस्थांनी पाटली हातात घेतली, काळ्या कसोटीवर एक रेघ ओढली, शेजारी ठरलेल्या कसाच्या सळईने दुसरी रेघ ओढली, दोन्हींवरून तेजाबाची काडी फिरवली आणि हळूच म्हणाले, "आबा, अठराच्या वर जात नाही." त्याच पेढीवरून, त्यांच्या वडिलांच्या हातून, आजोबांनी त्या पाटल्या बावीसच्या म्हणून घेतल्या होत्या. पावती नव्हती. तीन पिढ्यांचा घरोबा. तिथे पावती मागणे म्हणजे माणसाचा अपमान करणे. आजोबा काही बोलले नाहीत. पैसे मोजून घेतले आणि आम्ही घरी आलो.

बावीस कॅरट म्हणजे हजार भागांत 916 भाग सोने, अठरा म्हणजे 750. चार तोळ्यांच्या पाटल्यांत, जुना तोळा 11.66 ग्रॅमचा धरला, तर साडेसात ग्रॅमहून जास्त सोने कमी भरले होते. कोणी फसवले हे आम्हाला कधीच कळले नाही. थोरल्या सराफांनी फसवले, की त्यांच्याच कारागिराने त्यांना, की डाख जास्त पडला? घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते, एवढे मात्र खरे. लग्नसराईत आणि दिवाळीत आपण ज्या विश्वासाने सोने घेतो, तो कशावर उभा आहे हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. हा लेख त्याच शोधाचा.

मराठीत खरेपणाचे शब्द सोन्याच्या परीक्षेतून आले आहेत: कसाला उतरणे, कसोटी लागणे, बावनकशी, शंभर नंबरी. कसोटीचा दगड फार जुना, आणि त्यावरची लबाडीही तितकीच जुनी. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुवर्णाध्यक्षाच्या कामाचे प्रकरण आहे. त्यात रेघेचा रंग कसा पाहावा हे सांगितले आहे आणि नखात लपवलेल्या गेरूची पूड रेघेवर टाकून रंग खुलवणाऱ्या परीक्षकापासून सावध राहायलाही सांगितले आहे. ते वाचताना मी थबकलो. खोटे सोने ओळखायचे कसे हा पहिला प्रश्न, आणि सोने ओळखणाऱ्याला ओळखायचे कसे हा दुसरा. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, हे तेव्हाही माहीत होते.

इंग्लंडमध्ये 1300 साली पहिल्या एडवर्ड राजाने कायदा केला की सोन्याचांदीच्या वस्तू सोनारांच्या संघाच्या प्रमुखांनी तपासून, त्यावर बिबळ्याच्या तोंडाचा ठसा उमटवल्याशिवाय कारागिराच्या हातून बाहेर जाऊ नयेत. सुरुवातीला हे प्रमुख दुकानोदुकानी फिरत. 1478 पासून माल लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणून तपासावा लागू लागला. हॉलमधला मार्क म्हणून 'हॉलमार्क'. आज आपल्या गावातल्या दुकानाच्या पाटीवर हा शब्द दिसतो, तो त्या इमारतीवरून आला आहे.

आपल्याकडे सरकारने सोन्यात हात घातला तो वेगळ्याच कारणाने. चीनशी युद्ध झाल्यानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रण आले आणि 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. हेतू परकीय चलन वाचवण्याचा होता. घाव बसला तो हातावर पोट असलेल्या सोनारांवर. हजारो कुटुंबांचा धंदा बसला. पुढे 1968 चा कायदा आला आणि तो 1990 मध्ये रद्द झाला. त्या सगळ्या वर्षांत सरकारने सोने किती असावे यावर पहारा ठेवला. विकलेले सोने सांगितले तेवढे आहे का, हे पाहणारी यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. ती पोकळी दुकानदाराच्या शब्दाने आणि 'केडीएम'सारख्या अक्षरांनी भरली.

केडीएमबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण आजही कित्येक घरांत ती शुद्धतेची खूण समजली जाते. ती खूण डाखाची आहे. पूर्वी सांधे जोडायला तांबे-चांदी मिसळलेला डाख वापरत. तो हलक्या कसाचा असल्याने दागिना वितळवला की एकूण कस खाली येई. मग कॅडमियम मिसळलेला डाख आला. सोने 92 भाग, कॅडमियम 8. कस टिकला, पण कॅडमियमचा धूर विषारी. भट्टीपुढे बसलेल्या कारागिराच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत तो जातो. आपल्या अंगावरच्या दागिन्याचा कस कोणाच्या श्वासातून वसूल होत होता, हे ग्राहकाला कोणी सांगितले नाही. आता तो डाख मानकात बसत नाही.

भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी हॉलमार्कची योजना 2000 साली सुरू केली, तीही ऐच्छिक. ती बंधनकारक झाली जून 2021 मध्ये, पहिल्या टप्प्यात 256 जिल्ह्यांत. त्याच जुलैपासून प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक आला, त्याला एचयूआयडी म्हणतात. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नोव्हेंबर 2024 पर्यंत 361 जिल्हे योजनेत आले होते आणि 40 कोटींहून अधिक नगांवर हे क्रमांक पडले होते.

हा ठसा पडतो कसा, हे पाहायला मी एका हॉलमार्किंग केंद्रात दुपारभर बसलो. सराफाकडून डबीत बांगड्या आल्या. आधी वजन, मग क्ष-किरणांच्या यंत्राखाली प्रत्येक नग. यंत्र मिनिटभरात आकडा देते, पण ते पाहते फक्त पृष्ठभाग. जाड मुलामा दिला तर आत काय आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून गठ्ठ्यातून नमुना निवडून त्याची अग्निपरीक्षा करतात. बांगडीच्या आतल्या बाजूने कीस काढला गेला, सुमारे 250 मिलिग्रॅम. तो मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलला. त्यात सोन्याच्या अडीच पट चांदी घातली आणि सगळे शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून पुडी केली. ती पुडी राखेसारख्या सच्छिद्र मातकट वाटीत ठेवून हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत गेली. शिसे जळताना तांबे आणि इतर हिणकस धातू बरोबर घेते, आणि वाटी ते सगळे पिऊन टाकते. मागे उरतो सोन्याचांदीचा एक चकचकीत मणी.

तो मणी ठोकून चपटा केला, रुळांतून काढून पट्टी केली, पट्टीची गुंडाळी केली आणि ती तेजाबात उकळायला टाकली. चांदी विरघळून गेली. बाहेर आली ती गुंडाळी काळपट तपकिरी आणि इतकी नाजूक, की चिमट्याने धरताना तिथल्या मुलीने श्वास रोखला होता. धुऊन पुन्हा तापवताच तिला तिचा पिवळा रंग आला. परत काट्यावर. 250 मधले 229 मिलिग्रॅम उरले असतील तर हजारी 916. तेवढे भरले, तरच लेसरने ठसा.

त्या मुलीने मला एक गोष्ट दाखवली, ती या लेखाच्या मुळाशी आहे. भट्टीत बांगडीच्या पुड्यांच्या रांगेतच एक पुडी वेगळी होती. तिच्यात शुद्धता आधीच माहीत असलेले सोने होते. त्याच आचेत, त्याच तेजाबात त्याचा निकाल किती चुकतो ते पाहायचे आणि तेवढी दुरुस्ती बाकीच्या निकालांत करायची. रोजच्या कामात स्वतःची चूक मोजण्याची सोय करून ठेवलेली. कसोटीवर रेघ ओढणाऱ्या आमच्या सराफांकडे अनुभव होता, पण ही सोय नव्हती.

कान सोनारानेच टोचावे म्हणतात. पण सोनाराचे माप कोणी तपासायचे? केंद्रात आयएस 15820 हे मानक पाळले जाते का, हे ब्युरो पाहते आणि मगच मान्यता देते. केंद्राचा काटा आणि वजने ठरलेल्या मुदतीने दुसऱ्या प्रयोगशाळेत ताडून पाहावी लागतात. त्या प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची अधिस्वीकृती असते. म्हणजे तिथली माणसे, उपकरणे आणि पद्धत आयएसओ 17025 प्रमाणे आहेत का, हे बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन तपासलेले असते. तिच्या वजनांची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते, जिथे भारताचा प्रमाण किलोग्रॅम आहे. प्रमाण सोन्याचेही तसेच. मुंबईच्या टांकसाळीच्या सहभागाने 9999 शुद्धतेचे भारताचे स्वतःचे प्रमाण सोने तयार झाले. बांगडीतल्या किसापासून तिथपर्यंत एकही कडी तुटलेली चालत नाही.

अधिस्वीकृतीची ही कल्पना सोन्यातून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळा तपासायला भरवशाच्या प्रयोगशाळा कमी पडल्या, त्या अनुभवातून ऑस्ट्रेलियाने 1947 मध्ये प्रयोगशाळांनाच तपासणारी संस्था काढली. 2 नोव्हेंबर 2000 रोजी वॉशिंग्टनमध्ये 28 देश-प्रदेशांतल्या अशा 36 संस्थांनी एकमेकींच्या तपासणीला मान्यता देणारा करार केला. नाशिकच्या द्राक्षांचा औषध-अंशाचा अहवाल युरोपात वाचला जातो, त्याच्यामागेही अधिस्वीकृत प्रयोगशाळेची हीच पद्धत आहे.

आता कच्चे दुवे. माझ्या मते सर्वांत मोठा हा, की केंद्राला पैसे सराफ देतो. जो गिऱ्हाईक आहे त्याचाच माल नापास करायचा, आणि रस्त्यापलीकडे दुसरे केंद्र वाट पाहत असते. ही ओढ कायद्याने संपत नाही. बाजारातून गुपचूप दागिने विकत घेऊन ते पुन्हा तपासणे आणि चुकलेल्या केंद्राची मान्यता काढून घेणे, हाच त्यावर इलाज. असे नमुने जितके जास्त घेतले जातील आणि त्यांचे निकाल जितके उघड होतील, तितका हा ठसा खरा. निकाल गावोगावच्या वर्तमानपत्रांत यावेत असे मला मनापासून वाटते. दुसरा दुवा सवलतींचा: दोन ग्रॅमच्या आतले नग, कुंदन-पोलकी-जडाऊ काम आणि वर्षाला 40 लाखांच्या आत उलाढाल असलेले सराफ यांना बंधन नाही. गरीब माणूस नेमका लहान दुकानातून लहान मणी घेतो. त्याच्यासाठी आजही जुनाच विश्वास उरतो.

त्या जुन्या विश्वासाची मी हेटाळणी करणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीच्या आणि साताऱ्याकडच्या खटाव, माणच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेले गलाई बांधव देशभरच्या सराफकट्ट्यांत मुशी मांडून बसले आहेत. परक्या भाषेच्या गावात लोक त्यांच्या हाती जुने सोने वितळवायला देतात, ते त्यांच्या शब्दावर. तो शब्द त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेहनतीने कमावला आहे. पण माणूस गेला की त्याचा शब्द त्याच्याबरोबर जातो. आमच्या पाटल्यांच्या बाबतीत तेच झाले.

म्हणून या धनत्रयोदशीला एवढे करा. पैसे देण्याआधी दागिन्यावरचे तीन ठसे भिंगातून पाहा: ब्युरोची त्रिकोणी खूण, 22के916 सारखा कस आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घाला. सराफाची नोंदणी, केंद्राचे नाव, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. तुम्ही हातात धरली आहे ती अंगठी आणि ॲप म्हणते कर्णफुले, तर तो नग घेऊ नका. घरातले जुने, ठशाविना सोने कोणत्याही मान्यताप्राप्त केंद्रात तुम्ही स्वतः नेऊन तपासू शकता. चार नगांपर्यंत 200 रुपये असा दर ब्युरोने ठरवला होता. आणि पक्की पावती घ्या, घरोबा कितीही जुना असो. हॉलमार्कच्या दागिन्यात कस कमी भरला तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद 2018 च्या नियमांत आहे, आणि ती मागायला गेल्यावर पहिल्यांदा विचारली जाते ती पावतीच.